द्राक्षांच्या गावातली कॉलेजची वाट

बाजार समितीतला टोमॅटो-कांदा आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या द्राक्षबागा पाहिल्या की बाहेरचा माणूस म्हणतो, पिंपळगाव बसवंतला कसली आली वंचित पोरं? पण या बागांत राबणारी कितीतरी कुटुंबं पेठ, सुरगाणा भागातून येतात. त्यांच्या घरातली मुलं आकडेवारीत सधन निफाड तालुक्याच्या आड झाकली जातात. द्राक्षकाढणीचा भर नेमका फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे बारावीच्या परीक्षेच्याच दिवसांत. अशा वेळी मुलगी अभ्यासाला बसली की घरातली एक मजुरी बुडते. तिच्या मार्कांवर बोलण्याआधी एवढं तरी ध्यानात घ्यायला हवं.

‘जवळ कॉलेज नाही म्हणून शिक्षण सुटतं’, हेही खरं नाही. मराठा विद्या प्रसारक समाज या 1914 सालच्या संस्थेचं काकासाहेब वाघ महाविद्यालय पिंपळगावातच आहे.

‘मुलींचं शिक्षण आता फुकट झालं’ हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींची शिक्षण व परीक्षा फी माफ झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, अभ्यासक्रम व्यावसायिक हवा आणि प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही माफी नाही. शिवाय नाशकातली खोली, मेस, बसपास हा खर्च उरतोच. मुली गळतात त्या इथे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ आणि अनुसूचित जातींसाठी ‘स्वाधार’ योजना आहे. दोन्हींचे पैसे थेट बँक खात्यात येतात.

‘मुक्त विद्यापीठाची पदवी चालत नाही’ म्हणणाऱ्यांना सांगावं, की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून नाशकातच आहे. मजुरी सांभाळून शिकणाऱ्याला त्याचा मोठा आधार आहे.

‘निकाल लागला की कागद जमवू’ असं मात्र कुणी म्हणू नये. राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षण घ्यायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि त्याला वेळ जातो. त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करावा. जातीचा दाखलाच नसेल, तर तो मूळ गावच्या उपविभागातून काढावा लागतो. सुरगाण्याच्या कुटुंबाने ते काम बागांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, पावसाळ्यात गावी असतानाच उरकावं.