आडरानातील मोटार

मोटारींच्या जाहिरातींत हल्ली एक चित्र हमखास आढळते. डोंगराच्या ऐन कड्यावर एक आटोपशीर, पण उंच बांध्याची गाडी उभी असते. तिच्या चाकांना शोभेपुरता चिखल लागलेला असतो, आणि ती तेथवर कोणत्या वाटेने चढली याचा मागमूस चित्रात कोठेही नसतो. अशा गाडीला लोक एसयूव्ही म्हणतात. त्यांतल्या काही गाड्यांत इंजिनाचा जोर चारही चाकांना पोहोचविण्याची सोय असते. पूर्वी ही सोय बहुतेक लष्कर, वनखाते आणि दुर्गम भागातील मळेवाले यांच्यापुरती होती. आता ती इंदूर-बडोद्यापासून बंगळूरपर्यंत मध्यमवर्गीयांच्या दारात येऊन उभी राहिली आहे. गाडी दारात आली की डांबरी रस्ता सोडून एखाद्या कच्च्या वाटेला लागावे असे वाटणारच, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र चारही चाकांना जोर मिळतो म्हणजे नेमके काय होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय होत नाही, याचा उलगडा पुष्कळांना झालेला नसतो.

या गाड्यांचे कूळ लष्करी आहे. १९४० साली अमेरिकन सैन्याला चारही चाकांनी ओढणारी, हलकी अशी टेहळणीची गाडी हवी होती. त्या मागणीतून जीप जन्माला आली, आणि महायुद्ध संपेपर्यंत विलिस व फोर्ड या कारखान्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बांधल्या. युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली. पुढे १९७० साली जपानात सुझुकीने जिम्नी ही तिची धाकटी बहीण म्हणावी अशी गाडी काढली. तिचे इंजिन अवघे ३५९ घनसेंटिमीटरचे, म्हणजे जवळजवळ बुलेट मोटारसायकलीच्या इंजिनाएवढे! तिच्याच वंशातली जिप्सी १९८५ मध्ये आपल्याकडे आली आणि लष्कराच्या विश्वासास पात्र ठरली. पाच दारांची जिम्नी भारतात विक्रीस आली ती २०२३ मध्ये. हे कूळ सांगण्याचे कारण एवढेच की, या घराण्याचा खरा गुण दांडग्या इंजिनात नसून हलकेपणात आहे. एक-सव्वा टनाची गाडी जेथून तरंगत गेल्यासारखी निघून जाते, तेथे अडीच टनांची बलाढ्य गाडी आपल्याच वजनाने रुतून बसते.

आता चाकांकडे वळू. लेझमाचे पथक चौकात वळताना आपण पाहिले असेल. रांगेच्या बाहेरच्या टोकाचा गडी झपाझप पावले टाकीत असतो आणि आतल्या टोकाचा जवळजवळ जागच्या जागी पाय हलवीत असतो. मोटारीची चाकेही वळणावर अशीच कमी-अधिक फिरावी लागतात. त्यासाठी दोन चाकांच्या मधोमध डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रांची जुळणी बसविलेली असते. पक्क्या रस्त्यावर ही जुळणी मोठी गुणी. परंतु आडरानात तिचाच गुण अंगाशी येतो. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटून देते. त्यामुळे एक चाक निसरड्या शेवाळावर आले, की त्याला जेवढा थोडा जोर पेलतो तेवढाच दुसऱ्या, कोरड्या दगडावर टेकलेल्या चाकालाही मिळतो. एक चाक गरगर फिरत राहते, दुसरे ढिम्म उभे असते. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीत पुढे एक आणि मागे एक अशा दोन जुळण्या असतात. म्हणून पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी अधांतरी झाले, तर ही गाडीही साध्या मोटारीसारखीच अडून बसते. नव्या गाड्यांत यावर एक युक्ती योजली आहे. जे चाक वायफळ फिरते त्याला यंत्रणा आपोआप ब्रेक लावते, आणि त्या अडथळ्यामुळे जोडीच्या चाकाला जोर मिळतो. पण त्यासाठी चालकाने अॅक्सिलरेटर स्थिरपणे दाबून धरावा लागतो. नवशिका नेमका घाबरून पाय काढतो, आणि यंत्रणेला काम करण्याची संधीच मिळत नाही.

चार चाकांच्या जोरातही दोन जाती आहेत, आणि गाडी घेणाऱ्याने आपली जात ओळखलेली बरी. जिप्सी-जिम्नीच्या जातीत चालक स्वतः दांडा ओढून मागची-पुढची चाके एकमेकांशी घट्ट जोडतो. तिच्यात आणखी एक खालचा टप्पा असतो. तो लावला की गाडीचा वेग निम्म्यावर येतो आणि चाकांवरचा जोर सुमारे दुप्पट होतो. खडकाळ चढावर गाडी गोगलगायीसारखी, पण निर्धाराने चढते. पक्क्या, कोरड्या रस्त्यावर मात्र ही जोडणी सोडवावी लागते, नाहीतर वळताना चाके आणि दातेरी चक्रे यांत ओढाताण होते. शहरी वळणाच्या छोट्या एसयूव्हींची जात निराळी. एरवी त्यांची पुढचीच चाके ओढतात. ती घसरू लागली की मध्ये बसविलेल्या क्लचच्या तबकड्या आवळल्या जातात आणि जोर मागे जातो. पावसाळी घाटात, ओल्या गवतात, बर्फाच्या पातळ थरावर ही व्यवस्था उत्तम. तथापि खोल वाळूत बराच वेळ झगडत राहिल्यास त्या तबकड्या तापतात, आणि स्वतःला वाचविण्यासाठी यंत्रणा मागच्या चाकांचा जोर काढून घेते, तोही नेमका जेव्हा त्याची सर्वांत निकड असते तेव्हा. ही गाडी आडरानाच्या वेशीवर नेण्याची आहे, आडरानात मुक्काम करण्याची नव्हे.

आणि दोन्ही जातींना लागू असलेली एक गोष्ट अशी, की चार चाकांचा जोर गाडीला निघायला आणि चढायला मदत करतो, थांबायला काडीइतकीही करीत नाही. ब्रेक तर सगळ्याच मोटारींना चारही चाकांना असतात! ओल्या उतारावर ही गाडी साध्या गाडीइतकीच घसरते. किंबहुना तिचे संकट अधिक, कारण ती अशा जागी सहज चढून गेलेली असते जेथून साधी गाडी आधीच निमूटपणे परतली असती. म्हणून उतार उतरताना पहिला गिअर टाकावा, क्लचवरचा पाय काढावा आणि इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यावी. उताराला आडवे कधी जाऊ नये. गाडी उंच असल्याने ती कलंडायला वेळ लागत नाही. चढावर मध्येच इंजिन बंद पडले तर तेथेच वळविण्याचा मोह अनेकांना होतो. तो जिवावरचा मोह आहे. ब्रेक दाबून धरावा, मागचा गिअर घालावा आणि आल्या वाटेनेच सरळ मागे उतरावे.

गाडीच्या पोटाखाली किती जागा आहे हे लोक आवर्जून विचारतात. पण तेवढ्याने भागत नाही. पुढचे नाक किती तीव्र चढाला टेकते, शेपूट कोठे घासते आणि दोन चाकांमधले पोट उंचवट्यावर बसते की काय, हे तीन कोन त्याहून मोलाचे. पाच दारांच्या जिम्नीचे हे कोन अनुक्रमे सुमारे ३६, ५० आणि २४ अंश आहेत. पोटाचा कोन सर्वांत लहान आहे हे ध्यानात घ्यावे. नाक पार झाले म्हणून निर्धास्त झालेली गाडी बांधावर पोट टेकून चारही चाके हवेत हलवीत बसलेली दिसते, ती याच कारणाने.

परंतु शेवटी निकाल जमीनच देते. सव्वा टनाच्या गाडीचे प्रत्येक चाक सुमारे तीनशे किलो भार वाहते. टायरमध्ये तीस पौंड हवा असेल, तर ढोबळ हिशोबाने चाकाचा जमिनीला टेकलेला भाग एका पोस्टकार्डाहून थोडा मोठा असतो. सारी गाडी जेमतेम चार पोस्टकार्डांवर उभी! हवा पंधरा पौंडांवर आणली की हा भाग जवळजवळ दुप्पट होतो, आणि जैसलमेरजवळच्या सम येथील वाळूच्या टेकड्यांवर रुतणारी गाडी चालू लागते. हजारो रुपये खर्चून जे साधत नाही ते अनेकदा एका काडीने टायरची हवा सोडून साधते. मात्र हवा कमी केलेल्या टायरवर एकदम जोरात वळू नये; टायर रिमवरून निसटतो.

दख्खनच्या काळ्या मातीचे प्रकरण वेगळे आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत अशी लिंपून बसते, की खाचा नाहीशा होऊन चाकाचा गुळगुळीत लाटण्यासारखा गोळा होतो. तेथे चार चाकांच्या जोराने चार गोळे फिरतात, इतकेच. आपला शेतकरी पाऊस पडून गेल्यावर वापसा आल्याखेरीज रानात औत घालीत नाही. मोटारवाल्यानेही हा एक शब्द शिकून घेतला तर ट्रॅक्टर बोलावण्याचे बरेच प्रसंग टळतील. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर तर जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ आहे, की एका चाकोरीने मोडलेली फुले पुढच्या श्रावणात पुन्हा येतीलच असे नाही. तेथे रस्ता सोडण्याचा प्रश्नच उद्भवू नये.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण गाडीबरोबर माणसे जातात ती बहुधा पाण्यातच. छोट्या एसयूव्हीचा तळ सुमारे चार मीटर लांब आणि दीड-पावणेदोन मीटर रुंद असतो. पाणी तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढले की गाडी सुमारे सहाशे लिटर पाणी बाजूला सारते, आणि आर्किमिडीजच्या नियमाने तितकेच, म्हणजे सहाशे किलो वजन उचलले जाते. वीस सेंटिमीटर चढले की सव्वा टनाची सगळी गाडी तरंगू लागते. आत पाणी शिरेपर्यंत तरी हा हिशोब ढोबळपणे खरा असतो. तळ जमिनीपासून पंचवीस सेंटिमीटरवर धरला, तर गुडघाभर पाण्यात चाकांचा जमिनीशी संबंध सुटत जातो आणि संबंध सुटलेल्या चाकांना कितीही जोर दिला तरी व्यर्थ. त्यात पाणी वाहते असेल तर त्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर रेटा चौपट. फरशीवरून पाणी चालले असताना गाडी घालणारा माणूस वेग पाहतो, खोली पाहतो, पण हा गुणाकार त्याच्या लक्षात येत नाही. शिवाय फरशी खालून वाहून गेली आहे की काय, हे गढूळ पाणी सांगत नाही. पाण्याचा तळ दिसत नसेल आणि पायी उतरून पाहण्याइतका प्रवाह शांत नसेल, तर तेथे गाडी नेऊ नये. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा सुरू करू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि त्या नादात कनेक्टिंग रॉड वाकतो. हिमाचलात स्पितीच्या वाटेवरचे नाले सकाळी खळखळत असतात आणि ऊन चढून बर्फ वितळले की दुपारी तेच नाले दगड लोटीत येतात. म्हणून तिकडचे जाणते लोक पहाटे निघतात.

समुद्रकिनारी पाणी येण्याची वेळ मात्र आधीच कळते. कोकणात भरतीचा जुना हिशोब आहे : तिथीच्या पाऊणपट तास. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास समुद्र भरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात उतरत्या किनाऱ्यावर पाणी पाहता पाहता कितीतरी पुढे येते. ओली वाळू आधी सिमेंटसारखी टणक भासते. पण एक लाट टायरभोवती वळसा घालून गेली की त्याखालची वाळू धुपते, चाक रुतते, पुढची लाट ते आणखी खोल नेते. मग झावळ्या, पोती, दोर यांची धावपळ सुरू होते. खरे तर किनारा हा गाडीचा रस्ताच नव्हे. गोव्यात तेथे गाडी नेण्यास मनाई आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या वाळूत हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी हातभर खोल पुरलेली असतात.

गाडी अडकलीच तर दुसरी गाडी ओढून काढील, हा भरवसा असतो. एकट्याने न जाण्याचे तेच कारण. येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. मागे जोडगाडी लावण्यासाठी जो लोखंडी गोळा असतो, त्याला दोर अडकवून हिसका देऊ नये. तो गोळा तुटून गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसे मेली आहेत. कारखान्याने दिलेल्या आकड्यालाच दोर बांधावा, आणि पाहणाऱ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी दूर उभे करावे. आधी चाकांपुढची माती फावड्याने काढली तर पुष्कळदा दोराची गरजच पडत नाही.

परत डांबरी रस्त्यावर आल्यावर टायरांत हवा भरून घ्यावी, चार-दोन वेळा हलके ब्रेक दाबून ते सुकवावेत, आणि चाकांच्या आतल्या बाजूचा चिखल काठीने खरवडून काढावा. तो तसाच वाळला तर साठाच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते, आणि मालक बिचारा दुसऱ्या दिवशी काहीतरी मोडले म्हणून गॅरेजात जातो.