परजीवी कृमींच्या जनुकांचा शोध

मनुष्य आणि पशुधन यांना पीडा देणाऱ्या परजीवींमध्ये चपट्या कृमींना महत्त्वाचे स्थान आहे. गुराढोरांच्या व शेळ्यामेंढ्यांच्या यकृतात वाढणारा पर्णकृमी, आतड्यातील पट्टकृमी आणि रक्तवाहिन्यांत वास्तव्य करणारा शिस्टोसोमा हे सर्व याच कुळातील होत. शिस्टोसोमामुळे होणाऱ्या रोगाचा प्रादुर्भाव मुख्यतः आफ्रिका खंडात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये २५ कोटींहून अधिक लोकांना त्यावरील प्रतिबंधक उपचारांची गरज होती. महाराष्ट्रालाही हा रोग सर्वस्वी अपरिचित नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे त्याचे रुग्ण आढळल्याची नोंद १९५२ मध्ये झाली होती.

एकाच औषधावर भिस्त

शिस्टोसोमावरील उपचारांची सारी भिस्त प्राझिक्वांटेल या एकाच औषधावर आहे. प्रौढ कृमींवर ते गुणकारी ठरते. परंतु शरीरात नुकत्याच शिरलेल्या कोवळ्या कृमींवर त्याचा प्रभाव फारसा पडत नाही. यकृतातील पर्णकृमीवर ट्रायक्लाबेंडाझोल हे प्रमुख औषध आहे. परंतु त्याला दाद न देणारे कृमी ऑस्ट्रेलियात आढळल्याचे १९९५ मध्येच प्रसिद्ध झाले. एकमेव औषध निष्प्रभ ठरल्यास पुढे काय, हा प्रश्न म्हणूनच गंभीर आहे. नवे औषध शोधावयाचे तर कृमीचे जीवन नेमके कशावर अवलंबून आहे, हे प्रथम कळावयास हवे. ते जाणून घेण्याचे एक प्रभावी साधन म्हणजे ‘आर. एन. ए. हस्तक्षेप’ ही पद्धती होय.

मूळ दप्तर आणि नक्कल

जनुक हे पेशीच्या केंद्रात जपून ठेवलेल्या मूळ दस्तऐवजासारखे असते. कामकाजासाठी त्याची एक नक्कल बाहेर पाठविली जाते. तिला संदेशवाहक आर. एन. ए. म्हणतात. या नकलेवरून पेशी प्रथिन तयार करते आणि शरीराची बहुतेक कामे प्रथिनेच पार पाडतात.

निवडलेल्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आर. एन. ए. कृमीच्या पेशीत सोडला, की पेशीतील यंत्रणा त्याचे बारीक तुकडे करते. या तुकड्यांच्या साह्याने ती जुळणारी नक्कल हुडकते व नष्ट करते. मूळ दस्तऐवज शाबूत राहतो. मात्र त्याचा आदेश अमलात येत नाही. त्यानंतर कृमीत कोणता बिघाड होतो, यावरून त्या जनुकाचे कार्य ओळखता येते. अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीत ही प्रक्रिया उलगडली. त्याबद्दल त्यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

चपट्या कृमींवरील प्रयोग

परजीवी कृमींचा अभ्यास मुळातच अवघड आहे. पर्णकृमी व शिस्टोसोमा यांचे आयुष्य गोगलगाय आणि सस्तन प्राणी अशा दोन यजमानांत विभागलेले असल्याने पिढ्यान्‌पिढ्या पैदास करून आनुवंशिकता तपासणे कष्टाचे ठरते. नव्या पद्धतीने ही अडचण बरीच दूर केली. २००३ मध्ये शिस्टोसोमाची जनुके प्रथमच अशा रीतीने निष्क्रिय करण्यात आली. कृमींना दुपदरी आर. एन. ए. च्या द्रावणात ठेवणे किंवा विजेच्या सौम्य धक्क्याने तो पेशींत शिरविणे, असे मार्ग त्यासाठी वापरले जातात.

२००८ मध्ये पर्णकृमीच्या पिलांवर झालेला प्रयोग उद्बोधक आहे. प्रथिनांचे विघटन करणाऱ्या कॅथेप्सिन या विकरांची जनुके दाबून टाकल्यावर आतड्याची भिंत भेदून पलीकडे जाण्याची पिलांची क्षमता लक्षणीयरीत्या घटली. यकृताकडे जाणारी वाट कृमी कशाच्या बळावर काढतो, याचा थेट पुरावा त्यातून मिळाला.

२०२० मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी शिस्टोसोमाच्या २,२१६ जनुकांची तपासणी केली. त्यांपैकी २६१ जनुके निष्क्रिय करताच कृमीची हालचाल, ऊती किंवा जीवनक्षमता यांवर परिणाम दिसला. स्नायूंसाठी आवश्यक असलेल्या दोन विकरांपैकी कोणतेही एक बंद पाडले असता कृमी लुळे पडले आणि यजमान प्राण्याच्या शरीरात मेले. नव्या औषधांसाठी नेम धरण्याजोगी स्थाने अशी निश्चित होत आहेत.

मर्यादा आणि अपेक्षा

ही पद्धती स्वतः औषध नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. नक्कल नष्ट झाली तरी आधी तयार झालेले प्रथिन काही काळ टिकते. कधी एका जनुकाची उणीव दुसरे जनुक भरून काढते. म्हणून कृमीच्या कोणत्याही जनुकाशी न जुळणारा आर. एन. ए. देऊन तुलना करणे अनिवार्य असते. शिवाय प्रयोगशाळेत गवसलेल्या लक्ष्यापासून सुरक्षित औषधापर्यंतचा मार्ग दीर्घ आहे.

तोपर्यंत शुद्ध पाणी, शौचालयांचा वापर, पाणथळ जागी जनावरे न चारणे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर जंतनाशक देणे हेच उपाय हाती आहेत. संशोधन नवे शस्त्र घडवीत असताना गावाने ही तटबंदी भक्कम राखणे अगत्याचे आहे.