फाइल गेली, पण धड पोहोचली का?

नाशिक रोडला १९२५पासून सिक्युरिटी प्रेस आहे, १९२८पासून नोट प्रेस. छपाई या गावाच्या अंगवळणी पडलेली. आता लग्नपत्रिका असो की शाळेची प्रश्नपत्रिका, डीटीपीवाल्याचं सगळं काम फाइलमध्येच असतं. ती बाहेरगावच्या प्रेसला पाठवताना एफटीपीचा, म्हणजे नेटवरून फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचा, विषय निघतो आणि त्याबरोबर काही चुकीच्या समजुतीही निघतात.

‘एफटीपी बंद पडलं’ ही त्यातली एक. २०२१मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सने एफटीपी काढून टाकलं, म्हणून ब्राउझरमध्ये पत्ता टाकून फोल्डर उघडत नाही, इतकंच. फाइलझिला, विनएससीपी यांसारख्या प्रोग्रॅममधून ते आजही चालतं. त्याचा पहिला मसुदा १९७१ साली एमआयटीत अभय भूषण यांनी लिहिला. ते कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, सांगायला हवं.

‘पासवर्ड आहे, मग काळजी कसली?’ हा गैरसमज मात्र महागात पडतो. एफटीपी लिहिलं गेलं तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन केंद्रं होती, चोरून वाचणाऱ्याची फारशी भीती नव्हती, त्यामुळे साध्या एफटीपीत पासवर्ड आणि फाइल दोन्ही उघड्या मजकुरात जातात. वाटेत पाळत ठेवणाऱ्याला ते पोस्टकार्डासारखं वाचता येतं. परीक्षेआधी प्रश्नपत्रिका अशी पाठवणं मला बेजबाबदारपणाच वाटतो. प्रेसकडे एसएफटीपीची सोय मागा. तो एसएसएच या कुलूपबंद जोडणीवर चालणारा वेगळा प्रोटोकॉल आहे. त्याचं पोर्ट सहसा २२ असतं, साध्या एफटीपीचं २१. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीचा ठसा पडद्यावर येतो. घाईने ‘ओके’ दाबू नका, प्रेसला फोन करून तो जुळवून घ्या. एसएफटीपी नसेल तर एफटीपीएस चालेल, त्यातही मजकूर कुलूपबंद जातो.

प्रेसवाल्याकडे मराठी अक्षरं फुटली की ‘एफटीपीने फॉन्ट खाल्ला’ म्हणतात. एफटीपी फॉन्टला हात लावत नाही. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवलेला नसतो आणि समोरच्या कॉम्प्युटरवर तो नसतो, म्हणून अक्षरं फुटतात. फाइल मुळात उघडतच नसेल, तर ट्रान्सफरचा प्रकार पाहा. अ‍ॅस्की प्रकारात सॉफ्टवेअर ओळींच्या शेवटच्या खुणा बदलतं. साध्या मजकुराला ते चालतं, फोटो आणि पीडीएफ त्याने बिघडतात. छपाईच्या फाइली बायनरीतच पाठवा.

सर्व्हरवरची प्रत म्हणजे बॅकअप, असंही समजू नका. सिंक करताना ‘जादा फाइली काढून टाका’ हा पर्याय चालू असेल, तर आपल्या फोल्डरमधून चुकून उडालेली फाइल सर्व्हरवरूनही जाते, आणि तिथे बहुधा रिसायकल बिन नसतो. छपाई होऊन गठ्ठे हातात येईपर्यंत मूळ फाइल वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.