शेवटच्या टाकीतलं पाणी

अंबरनाथच्या मोरिवली एमआयडीसीत मी नोकरीभर सांडपाणी प्रक्रियेचं काम पाहिलं. नळाला बारवी धरणाचं पाणी. तेच वापरून घाण झालेलं वालधुनी नदीत गेलं की शिवमंदिराजवळून थेट उल्हासनगर. नदीत सोडायच्या पाण्याचा सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत लागतो. मालकांना प्रक्रियेचा हा सगळा खर्च बुडीतच वाटे!

खरी बचत मात्र प्रक्रियेच्या आधीच होते. प्लेटिंगमध्ये, म्हणजे धातूचा मुलामा देताना, माल नंतर तीन टाक्यांत खंगाळतात, आणि बहुतेक ठिकाणी तिन्हींवर वेगवेगळे नळ वाहतात. त्याऐवजी ताजं पाणी फक्त शेवटच्या टाकीत सोडायचं; तिथून मधल्या, मग पहिल्या टाकीत. माल पुढे जातो, पाणी उलटं येतं. तेवढीच स्वच्छता, पाणी कितीतरी कमी. त्याआधी माल बाथवर, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणाच्या टाकीवर, थोडा निथळू द्यायचा, म्हणजे महागडं निकेल परत बाथमध्येच पडतं. पण नगावर मजुरी घेणारा कामगार कशाला थांबेल? म्हणून मी तिथे माल टांगायला दांडी बसवून घेतली.

२०१४च्या नोव्हेंबरअखेर वालधुनीत टँकरनं रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना वायूची बाधा झाली. अशा चोरून ओतण्यापुढे कारखान्यातली दांडी काय करणार? तिथे रात्रीची गस्तच हवी.