अंगणातील जुने झाड

२०२१ सालच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने गोव्यात ठिकठिकाणी झाडे उन्मळून पाडली. तेव्हापासून दारातील जुना आंबा पाहिला की, ‘हा घरावर तर कोसळणार नाही?’ अशी शंका पुष्कळ कुटुंबांना भेडसावते. शंका रास्त आहे. परंतु भीतीपोटी झाडाचा शेंडाच छाटून टाकणे हा उपाय नव्हे, असे आम्हांस सांगावयाचे आहे. अशा मोठ्या घावांतून कूज आत शिरते, आणि पुढे फुटणारे धुमारे कच्च्या सांध्याचे असल्याने वाऱ्यात सहज मोडतात.

झाडाचे बळ मुळांत असते. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या दोन फूट मातीतच असतात व फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. म्हणून बुंध्याला खेटून सिमेंट ओतू नये, मातीचा ढीग रचू नये, गटारासाठी मोठी मुळे तोडू नयेत. पालापाचोळा न जाळता बुंध्यापासून वीतभर दूर पसरावा. वाळलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी जाणत्या माणसाकडून काढून घ्याव्यात. बुंध्याशी अळंबी उगवली किंवा एका बाजूची जमीन उचलली गेली, तर मात्र तज्ज्ञास दाखविण्यास विलंब लावू नये. तोडणे अटळच ठरले, तर गोव्यात १९८४ च्या कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

संत लूकच्या शुभवर्तमानातील माळी निष्फळ अंजिरासाठीही आणखी एक वर्ष मागून घेतो; भोवतीची माती खणून खत घालीन, म्हणतो. आमच्या अंगणातील झाडांनी तर तीन पिढ्यांना फळे आणि सावली दिली आहे. त्यांच्यासाठी आम्ही एवढेही करू नये काय?