नदीची साक्ष देणारे रंग

हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लागताच तो डाग लालभडक होतो, आणि कपडा धुऊन उन्हात घातला की हळूहळू उडून जातो. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करणाऱ्या समाजाला या किमयेचे नवल वाटत नाही. परंतु भोवतालची परिस्थिती बदलताच रंगाने रूप बदलावे, या साध्या अनुभवावरच आजच्या रसायनशास्त्राची एक महत्त्वाची शाखा उभी आहे.

काही सेंद्रिय रंग अदृश्य अतिनील किरण शोषून घेतात आणि दृश्य प्रकाश परत देतात. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. आम्ल, उष्णता, दाब किंवा एखादा धातू यांच्या सान्निध्यात हा प्रकाश वाढतो, विझतो अथवा त्याची छटा पालटते. साहजिकच असा रंग साक्षीदाराचे काम करू शकतो. तो नोंदही ठेवू शकतो. सीडीवर माहिती नोंदविताना लेसर किरण सेंद्रिय रंगाच्या थरावरच खुणा उमटवीत असे. एका प्रकाशाने लिहावे व दुसऱ्याने पुसावे, असे रेणूही आता ज्ञात आहेत.

या विद्येचे कोल्हापूरशी नाते आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रा. शिवाजीराव पाटील, प्रा. गोविंद कोळेकर व त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रतिदीप्तीवर दीर्घकाळ संशोधन केले. सेंद्रिय संयुगांचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तयार करून, धातूंच्या आयनांमुळे त्यांच्या तेजात पडणारा फरक मोजण्याचे काम येथे झाले.

आणि याच जिल्ह्यातून पंचगंगा वाहते. शहरांचे मैलापाणी आणि वस्त्रोद्योगाचे रंगीत सांडपाणी पोटात घेऊन ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते. रंगांनीच मलिन केलेल्या नदीची साक्ष रंगांनीच द्यावी, यापरते औचित्य कोणते?

अर्थात प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्यात चमकणारा रंग नदीच्या गढूळ पाण्यात फसू शकतो. तेथे अनेक क्षार व द्रव्ये एकत्र असतात, आणि पाण्यातील इतर रंग स्वतःच प्रकाश शोषून घेतात. म्हणूनच शोधनिबंध प्रसिद्ध झाला म्हणजे कार्य संपले, असे मानता येणार नाही. ते तेथून सुरू होते. महाविद्यालयांनी घाटाघाटांवरचे नमुने घ्यावेत, विद्यापीठाने त्यांवर आपल्या रंगांची कसोटी घ्यावी, आणि ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यालाही वाचता येईल अशी साधी कागदी पट्टी त्यातून सिद्ध व्हावी.

साक्षीदार कितीही सच्चा असला, तरी त्याची साक्ष ऐकून घेणारे कोणी हवे. रंग उजळेल किंवा विझेल. सांडपाणी मात्र माणसांनाच थांबवावे लागेल.