जंगल कातकऱ्यांनी खाल्लं?

नेरळ-कर्जत भागात वन्यजीवांचा अभ्यास करतो, असं सांगितलं की समोरून एक वाक्य हमखास येतं : "इथे आता उरलंय काय? कातकऱ्यांनी सगळं खाऊन टाकलं." फार्महाऊसवाले म्हणतात, पेब किल्ल्यावर ट्रेकला आलेली मुलं म्हणतात, कर्जत लोकलमध्ये शेजारी बसलेले सद्गृहस्थ म्हणतात. यांतल्या बहुतेकांनी कातकरी आदिवासींच्या वाडीत पाऊल ठेवलेलं नसतं. पुरावा मात्र तयार असतो : "अहो, उंदीरसुद्धा सोडत नाहीत."

नाहीच सोडत. मग तिथूनच सुरुवात करू.

भातकापणी झाली की कातकरी बांध धुंडाळायला लागतात. मी एका बिळाकडे बोट दाखवलं तेव्हा सोबतची म्हातारी हसली. "त्यात काय नाय. माती बघ ना, सुकलेली." तिला हवं होतं ते बीळ दोन हात पुढे होतं. त्याच्या तोंडाशी रात्री उकरलेली ओली माती होती. तिने आधी आजूबाजूची तोंडं हुडकून दगडमातीने बुजवली, एक उघडं ठेवलं, तिथून मडक्यातला धूर आत फुंकला आणि मग खणायला घेतलं. घूस मिळाली, शिवाय आतल्या कोठीत घुशीने साठवलेल्या भाताच्या लोंब्या मिळाल्या. त्याही घरी गेल्या. शेतकऱ्याचं एक नुकसान कमी झालं आणि त्याबद्दल त्याने कुणाला छदाम दिला नाही.

घुशीची मादी एका वेतात सात-आठ पिल्लं सहज देते आणि अशी वेतं वर्षभर चालू असतात. अशी जात फावड्याने आणि धुराने संपत नाही. भेकराचं तसं नाही, त्याला एका वेळी एकच पिल्लू होतं. भेकर, ससा किंवा रानडुक्कर मारलं जातं तिथे माझी तक्रार आहेच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार बंद केली आहे, तरी ती होते, वाड्यांतूनही होते. हे लपवून मला कुणाची वकिली करायची नाही. पण रानडुकराच्या मटणाला गिऱ्हाईक कुठून येतं, हेही कधी विचारून बघा. आणि वलगणीचे मासे, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला वर चढणारे मासे धरायला कंदील घेऊन अख्खा गाव ओहोळात उतरतो. तेव्हा कुणाची जात कुणाला आठवत नाही.

आता आरोपाचा हिशेब मांडू. १८८२चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर काढा. कर्जत तेव्हा ठाण्यात होतं. त्यात कातकरी आहेत आणि वाघही आहेत. खाऊन संपवायचंच असतं तर त्याआधीची शतकं कातकरी काय उपाशी बसले होते? संपण्याची कारणं वेगळी होती. १८५६मध्ये रेल्वे नेरळवरून खोपोलीपर्यंत पोचली आणि इथलं लाकूड, कोळसा मुंबईच्या दारात गेला. कोळशाच्या भट्ट्या लावायला कातकरी होते, हे खरं. मात्र भट्टी ठेकेदाराची, नफा त्याचा आणि कातकरी त्याच्या उचलीत अडकलेला. वाघ मारणाऱ्याला तर सरकारच बक्षीस देत होतं.

आणि आजचं काय? कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. वर्षातले सहा-सात महिने अर्धी वाडी कुलूपबंद असते. जंगल खायला हे येतात केव्हा? त्याच महिन्यांत डोंगरउतारावर जेसीबी मात्र चालू असतो. प्लॉट पडतात, कंपाउंड उभं राहतं, रात्रभर दिवे जळतात, ओहोळाला सिमेंटची भिंत येते. माथेरान परिसर ४ फेब्रुवारी २००३ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला, तो उगाच नाही. शेकरूला जगायला झाडाचा शेंडा शेंड्याला भिडलेला लागतो. मध्ये दोनशे फुटांचा रस्ता-लॉन आला की पलीकडचं जंगल तिच्यासाठी नसल्यासारखंच. गलोलीने हे होत नाही.

याच शेकरूसाठी १९८५मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं. त्याचा काही भाग कर्जत तालुक्यात येतो. तिथे महादेव कोळ्यांची गावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांच्या देवरायाही आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांची नोंद सत्तरच्या दशकातच करून ठेवली आहे. शेकरू टिकली ती आदिवासी राहतात त्या डोंगरावर. आरोप करणाऱ्यांनी हे कोडं सोडवून दाखवावं.

आणखी एक. ज्याच्यावर जंगल गिळल्याचा आळ, त्याच्या झोपडीखालची जमीनही बहुतेकदा त्याची नसते. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचं कातकरी वाड्यांवरचं २०१३चं पुस्तक याच प्रश्नावर आहे. जमिनीचे भाव वाढले की मालकाला वाडी अचानक अडचणीची वाटू लागते.

दुसरा समज आमच्याच बिरादरीतला : आदिवासींचं सांगणं ऐकीव, त्याला आकडेवारी म्हणायचं नाही. तो तपासायला अलास्काला जाऊन यावं लागेल. तिथल्या बोहेड देवमाशांची संख्या फार घटली असं मानून १९७७मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने इनुपिआत लोकांची शिकार थांबवली. शिकारी म्हणत होते, मासे भरपूर आहेत. ते बर्फाखालून जातात, किनाऱ्यापासून लांबूनही जातात, तुम्ही बर्फाच्या कडेला बसून दिसतील तेवढेच मोजता. पुढे शास्त्रज्ञांनी पाण्यात ध्वनिग्राहक सोडले आणि शिकाऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. २००१च्या गणनेतला अंदाज दहा हजारांच्या वर गेला. शिकाऱ्यांचं सांगणं तपासलं गेलं म्हणूनच ते टिकलं. नुसतं ऐकून मान डोलावली असती तर त्यांचाही फायदा झाला नसता.

म्हणून उलटा समजही तितकाच खोटा : आदिवासीला जंगलाचं सगळंच कळतं. वीटभट्टीवर वाढलेल्या पोराला कुठून कळणार? आजीला कळतं ते त्याला कळेलच असं नाही, आणि आजीही कधी चुकते.

साप-विंचवावर त्यांच्याकडे जालीम जडीबुटी असते? नाही. सर्पदंशावर उपाय प्रतिसर्पविष हाच. 'मिलियन डेथ स्टडी'नुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं, हे आपल्या रायगडातच, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवलं. कौशल्य कुठे कामी येतं ते बघायचं तर चेन्नईजवळची इरुळांची सहकारी संस्था बघा. १९७८मध्ये ती उभी राहिली. हे आदिवासी साप पकडून विष काढतात आणि साप परत सोडून देतात. प्रतिसर्पविष तयार होतं ते त्या विषापासून.

वनहक्क कायद्याने जंगल वाटून टाकलं? कायदा २००६चा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेली जमीन, तीही जास्तीत जास्त ४ हेक्टर. ती वारसाला मिळते, विकता येत नाही. शिवाय वन्यजीव राखण्याची जबाबदारी हाच कायदा ग्रामसभेवर टाकतो. फार्महाऊसच्या सातबाऱ्यावर अशी अट कुणी पाहिली आहे का?

बिबट्या दिसला की आदिवासी मारायलाच धावतात? पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरांत रम्या नायर, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी वारल्यांच्या वाघोबाची, म्हणजे वाघ-बिबट्याच्या देवाची, दीडशे ठाणी नोंदवली. तो निबंध २०२१चा आहे, वाचून घ्या.

आणि शेवटचा, हल्ली नव्याने ऐकू येणारा : कॅमेरा ट्रॅप आले, आता वाटाड्या कशाला? कॅमेऱ्याला त्याच्या पुढ्यातून जाईल तेवढंच दिसतं. तो कुठल्या नाळेत बांधायचा, कुठला पाणवठा मार्चमध्ये आटतो आणि कुठला मेपर्यंत टिकतो, जनावर कुठल्या बाजूने उतरतं, हे आम्हाला ठाकरवाडीतला माणूस सांगतो. जागा चुकली तर महिनाभर हलणाऱ्या गवताचे फोटो मिळतात. निबंध छापून येतो तेव्हा मात्र आमची नावं वर असतात, आणि त्याचं खाली आभाराच्या ओळीत, तेही आडनावाशिवाय.